लांब की गोल?

वजन-मापे खात्यात मी सव्वीस वर्षं काढली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. कारण या गोष्टीत पुढे जो जो येतो तो मला मोजायला शिकवतो. या शहरातला एकही तराजू माझ्या नजरेतून सुटलेला नाही. एका बड्या कापड दुकानदाराची मीटरपट्टी टोकाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर झिजली होती, ती मी भर गिऱ्हाइकांत जप्त केली होती. अर्ध्या सेंटीमीटरने कुणाचा सदरा आखूड होत नाही, असं तो बिचारा हात जोडून सांगत होता. मी त्याला एकच वाक्य ऐकवलं, "माप म्हणजे माप." हे वाक्य तेव्हापासून खात्यात प्रसिद्ध आहे. हल्ली आमच्या इमारतीतही झालं आहे, पण तिथे ते वेगळ्या सुरात म्हणतात.

मला फक्त गाडीला गॅस बसवायचा होता. गाडी जुनी, लहान आणि पेट्रोल पिण्यात मात्र तरुणांना लाजवणारी. लोक रोज गाड्यांना गॅस बसवतात. त्यांच्या घरी कधी तमाशा झाल्याचं ऐकिवात नाही.

मुळात हे सगळं आईसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई चाकांच्या खुर्चीत आहे. तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, सव्वाशे किलोमीटरवर राहते. चौदा महिने दोघींची गाठभेट नाही. रोज दुपारी चार वाजता फोन होतो. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची गुपितं तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. फोन ठेवला की आई विचारायची, "मग कधी नेतोस?" आणि मी म्हणायचो, "गॅस बसला की लगेच." हे मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आम्ही स्वेटर घालून बसलो होतो. प्रत्यक्ष गॅरेजची पायरी चढलो तेव्हा पंखा पाचवर होता. याची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडतो, हा माझा स्वभाव आहे.

गॅरेजमधला फिटर फार कमी बोलणारा माणूस निघाला. असे लोक मला आवडत नाहीत, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. त्याने हात पुसले आणि विचारलं, "लांब की गोल?"

टाक्या दोन प्रकारच्या असतात हे मला तिथे कळलं. लांब टाकी म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर आडवा पाडून ताणल्यासारखी. ती डिकीत मागच्या सीटला टेकून बसते आणि अर्धी डिकी खाते. गोल टाकी म्हणजे मधे भोक असलेलं जाडजूड चपटं कडं. ती डिकीच्या फळीखाली, जिथे स्टेपनी ठेवतात त्या खड्ड्यात बसते. म्हणजे लांब घेतली तर आईची खुर्ची बाहेर, आणि गोल घेतली तर स्टेपनी बाहेर. खुर्ची मागच्या सीटवर ठेवायची सोय नव्हती. आईला पाय सरळ पसरून बसायचा डॉक्टरांचा हुकूम होता, त्यामुळे मागची सीट पूर्ण तिची.

घरी आल्यावर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "लांब घ्या आणि खुर्ची टपावर बांधा. वर कॅरिअर टाकलं की झालं." बाईमाणसाला वाऱ्याचा अवरोध ही काय चीज आहे ते ठाऊक नसतं, असं मला त्या वेळी वाटत होतं. टपावर ओझं असलं की गाडीला वारा कसा अडतो, इंधन किती जास्त जळतं, मग गॅस बसवून उपयोग काय, हे मी तिला पंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं. तिने भाजी निवडून संपवली आणि आत गेली. तिला पटलं असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी इमारतीत सगळ्यांना माझ्या टाकीचं कळलेलं होतं. आईने चारच्या फोनवर मावशीला सांगितलं होतं, त्यामुळे ते होणारच होतं. तळमजल्यावरचे कप्तान मला जिन्यातच गाठायला आले. हे गृहस्थ उभ्या आयुष्यात कुठल्या जहाजावर गेले नाहीत. धक्क्यावर तिकिटं फाडायचे. पण टोपी तशी घालतात. त्यांनी मला थांबवून विचारलं, की स्टेपनी घरी ठेवून निघालात आणि भर रस्त्यात चाक बसलं, तर त्या जागी टाकी लावणार का? मी म्हटलं पंप घेईन, पंक्चरचा डबा घेईन. ते म्हणाले, लोक बुडतात ते असंच म्हणत बुडतात.

संध्याकाळी मेव्हणा आला. माझ्या मेव्हण्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे गाड्यांबद्दल त्याचं मत निर्मळ असतं. त्याने एक बातमी आणली. पंचेचाळीस लिटरची टाकी असली तरी तिच्यात छत्तीसच लिटर भरतात. "भाऊजी, बाकीच्या नऊ लिटरचं तुम्ही काय वाहून नेणार, हवा?" असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला.

आता हे मात्र माझ्या खात्यातलं होतं. टाकीवर पंचेचाळीसचा आकडा ठोकायचा आणि आत छत्तीस घालायचे? तेलाच्या डब्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याचं दुकान सील केलं असतं. सकाळी मी तडक गॅरेज गाठलं आणि फिटरला कायद्याचं कलम वगैरे सांगून फैलावर घेतलं. त्याने पाना खाली ठेवला. "गॅस तापला की फुगतो साहेब. त्याला फुगायला जागा ठेवावी लागते," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा बघून, "माणसालाही लागते." मग पुन्हा गाडीखाली गेला. या वाक्याचा रोख माझ्यावर होता की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी मी गोल टाकी घ्यायची ठरवली. स्टेपनीपेक्षा आईची खुर्ची महत्त्वाची, असं मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. आईला बरं वाटलं. फिटर म्हणाला, गोल टाकी वीस सेंटीमीटर उंचीची येते आणि बावीसचीही येते. गाडी आणा, खड्डा मोजतो. मला हसू आलं. मी म्हटलं, "मोजायचं माझ्यावर सोपव."

सरकारी मानक पट्टी माझ्या बॅगेत असते. मखमलीच्या पेटीत, पोलादी, शिक्का मारलेली. पण सरकारी पट्टी घरच्या कामाला लावायची नाही हे माझं तत्त्व आहे. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या खणातली टेप घेतली. ही टेप अकरा वर्षांपूर्वी दारात चेंगरून टोकाला तुटली, पहिले दोन सेंटीमीटर गेले. तेव्हापासून घरातला प्रत्येकजण वाचलेल्या आकड्यातून दोन वजा करतो. आमचे पडदे, फळ्या, गाद्यांच्या खोळी सगळं याच टेपवर बेतलेलं आहे आणि कुठेही तक्रार नाही. स्टेपनी बाहेर काढली. बायकोने खड्ड्यात वाकून टेप धरली आणि म्हणाली, "बावीस." मी वहीत बावीस लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली. सहीची गरज नव्हती, पण सवय असते.

टाकी यायला आठ दिवस लागले. आल्यावर ती आमच्या गाडीच्या नंबरवर चढली, सर्टिफिकेट झालं. आता ती परत घेता येणार नाही असं फिटरने बजावलं. कशाला परत करीन, असं मी म्हणालो. बसवताना त्याचा फोन आला होता, फळी थोडी उचलल्यासारखी वाटते आहे म्हणून. मी त्याला सांगितलं, माप मी घेतलेलं आहे. त्यावर त्याने फोन ठेवला. मी म्हटलं ना, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

मग वाहन कार्यालय. गाडीच्या पुस्तकात टाकीची नोंद झाल्याशिवाय गॅसवर गाडी काढता येत नाही. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पाहिला आणि विचारलं, "टाकीची लांबी?" मी म्हटलं, टाकी गोल आहे, तिला लांबी नाही. तो म्हणाला, लांबीचा रकाना आहे. मी म्हटलं, रकाना आहे पण लांबी नाही. तो म्हणाला, रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही आणि शून्य घातलं तर टाकीच नाही असं धरतो. माझ्या मागे रांग वाढत होती आणि रांगेतला प्रत्येकजण स्वतःचं गणित सांगत होता. शेवटी कारकून म्हणाला, की या टोकापासून त्या टोकापर्यंत किती? साठ. मग लांबी साठ, रुंदी साठ. झालं.

तसं ते झालं नव्हतं. चार दिवसांनी वरच्या साहेबांनी फाइल परत धाडली. साठ लांब आणि साठ रुंद म्हणजे टाकी चौकोनी. सर्टिफिकेट गोल टाकीचं जोडलं आहे. अर्जदाराने खुलासा करावा. मी स्वतः अधिकारी माणूस, पण त्या दिवशी त्या बाकावर मी तीन तास बसलो. मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं, की मी खाली सही करणारा सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की माझी टाकी गोल आहे. नोटरीने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. माझ्याही टेबलासमोर असेच लोक बसतात आणि मीही त्यांना उद्या या म्हणतो, हा विचार तिथे मनात येऊन गेला. मी तो फार वेळ टिकू दिला नाही.

या सगळ्यात मावशीकडे जायच्या तीन तारखा हुकल्या. प्रत्येक वेळी आई आदल्या दिवशी बॅग भरायची आणि दुसऱ्या दिवशी तीच बॅग रिकामी करायची. तिसऱ्या वेळी तिने बॅग रिकामी केलीच नाही, तशीच खुर्चीशेजारी राहू दिली.  चारच्या फोनवर ती मावशीला मोठ्याने सांगत होती, "त्याचं चाललंय गं. मोजतोय." अख्ख्या जिन्याने ते ऐकलं.

नोंद झाली आणि चौथी तारीख ठरली रविवारची. सकाळी नऊला आम्ही खाली आलो. आईला मागच्या सीटवर पाय पसरून बसवलं, पाठीला उशी लावली. नवीन साडीत ती इतकी हसतमुख दिसत होती की मला माझं सगळं हेलपाट्याचं दुःख विसरायला झालं. बायको पुढे बसली. मी खुर्ची मिटली, डिकीत ठेवली आणि डिकीचं दार खाली ओढलं. ते बंद झालं नाही.

पुन्हा ओढलं. खुर्ची उलटी करून ठेवली, मग आडवी, मग चाकं आत, मग चाकं बाहेर. टाकी बसवायच्या आधी हीच खुर्ची याच डिकीत अर्ध्या बोटाची जागा ठेवून बसत होती. एव्हाना कप्तान टोपी घालून हजर होते. त्यांनी सुचवलं की दार उघडंच ठेवून दोरीने बांधा. मेव्हणा, जो निरोप द्यायला म्हणून आला होता, डिकीवर बसायला तयार झाला. आई आतून विचारत होती, "निघालो का रे?"

मी फिटरला फोन करून जे बोललो ते इथे लिहीत नाही. अर्ध्या तासात तो स्कूटरवरून आला. मी त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं, की टाकी बावीसची सांगून मोठी घातलेली आहे, कारखानदारावर मी स्वतः केस करीन, आणि आज तुला कळेल की कुणाशी गाठ आहे. मग मी वर जाऊन बॅगेतली मखमलीची पेटी आणली. सोमवारच्या तपासणीसाठी ती घरी होती. घरच्या कामाला सरकारी पट्टी नाही हे खरं, पण हा आता गुन्ह्याचा तपास होता.

मी फळी उचलली, पट्टी लावली. टाकी बरोबर बावीस. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. इतकं अचूक काम मी बाजारात क्वचित पाहिलं आहे.

"आता खड्डा मोजा साहेब," फिटर म्हणाला.

मी मोजला. वीस होता. मी म्हटलं, अशक्य आहे, आम्ही मोजला होता, बावीस, वहीत सही आहे. फिटरने ती टेप बघायला मागितली. बायको गाडीतून उतरून वर गेली आणि घेऊन आली. त्याने टेप हातात घेतली, टोक उन्हात धरलं, अंगठा फिरवला आणि अगदी आदराने विचारलं, "साहेब, ही कुठून सुरू होते?"

मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं की अकरा वर्षं घर चालवणाऱ्या बाईने दोन वजा करूनच आकडा सांगितला असणार. तिला वाटलं होतं की सव्वीस वर्षं मापं तपासणारा माणूस लिहिताना दोन वजा करणारच. दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला होता, तोही नेमका त्याच दिवशी. कप्तान हळूच म्हणाले, "माप म्हणजे माप." मेव्हणा हसला नाही, एवढे त्याचे उपकार. तो कापड दुकानदार त्या क्षणी रस्त्याने गेला नाही, एवढं माझं नशीब.

मी हातात पट्टी घेऊन उभा असताना फाटकातून एक टॅक्सी आत आली. पुढच्या दारातून काठी बाहेर आली आणि काठीमागून मावशी. तिने एक नजर गाडीवर टाकली, एक उघड्या डिकीवर आणि एक माझ्यावर.

"काल फोनवर ही म्हणाली, उद्या नक्की निघतो," मावशी म्हणाली. "म्हटलं, चौथी तारीख आहे. आपणच जावं."

म्हणजे मी निघणार नाही या खात्रीने ही बाई पहाटे सव्वाशे किलोमीटर निघाली होती. इतका अविश्वास माझ्यावर कुठल्या दुकानदारानेही दाखवलेला नाही. मी काही बोलणार तेवढ्यात आईने आतून तिला पाहिलं. सीटवरून हात बाहेर काढून तिने मावशीचा पदर धरला. दोघीही तशाच धरून राहिल्या. चौदा महिने, आणि मी सेंटीमीटर मोजत होतो. मला फार वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. मावशीला आत या, बसा म्हणेपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं की आईला आत्ताच घेऊन जायचं, बॅग तर भरलेलीच आहे. आईला त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसवलं, मावशी पुढे. मी कुतूहल म्हणून टॅक्सीची डिकी उघडून पाहिली. आत लांब टाकी होती. "मग खुर्ची कुठे ठेवणार?" मी ड्रायव्हरला विजयाने विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने खुर्ची उचलली, टपावरच्या कॅरिअरवर टाकली आणि दोरीच्या दोन गाठी मारल्या.

बायको माझ्या शेजारी उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. ते ऐकून घेणं बोलण्यापेक्षा जड होतं.

टॅक्सी सुरू झाल्यावर मी खिडकीशी गेलो. आईने माझ्या गालाला हात लावला. "वीस दिवसांनी न्यायला ये," ती म्हणाली. "आणि घरच्या टेपने मोजू नकोस."

त्यानंतर दुपारी चार वाजता आमच्याकडे फोन वाजेनासा झाला. तिसऱ्या दिवशी कप्तान वर येऊन विचारून गेले, की आवाज नाही, सगळं बरं आहे ना? मी गाडीला कॅरिअर बसवून घेतलं. फिटरने ते बसवताना वाऱ्याच्या अवरोधाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याला बायकोने आधी काही सांगितलं असेल तर मला माहीत नाही. खुर्ची आता टपावर जाणार, त्यामुळे डिकी मोकळी, त्यामुळे घरी भिंतीला टेकवून ठेवलेली स्टेपनी डिकीत परत आली. म्हणजे ज्या डिकीसाठी मी गोल टाकी घेतली, प्रतिज्ञापत्र केलं आणि जिन्यातून मान खाली घालून उतरायला लागलो, तिथे आता एक चाक ऐसपैस लोळतं आहे.

आईची रिकामी जागा घरात रोज थोडी मोठी होत होती. मी अठराव्या दिवशी सकाळीच निघालो. गाडी गॅसवर उत्तम पळाली. मावशीच्या दारात उभा राहिलो तेव्हा दोघी बहिणी समोरासमोर बसून, एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काही गुपित बोलत होत्या.

आईने वर पाहिलं. "अरे, आज अठरावा दिवस. मी वीस म्हटलं होतं."

"दोन वजा केले," मी म्हणालो.

आईने मावशीकडे पाहिलं. मावशीने काठीने कोपऱ्यातला पाट दाखवला. "मग ते दोन दिवस तिथे बस," ती म्हणाली. "आमचं अजून बोलणं संपलेलं नाही."

मी खात्यात रजेचा फोन केला आणि दोन दिवस बसलो.